काळी एकमधलं एक गाणं

माझ्या कामात गाणं ऐकण्याआधी नंबर वाचावा लागतो. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीवर खोबणी संपतात तिथपासून लेबलापर्यंत एक गुळगुळीत मोकळी पट्टी असते. दिवा तिरपा धरला की तिच्यावर ठोकलेले बारीक आकडे दिसतात. लेबलवरचा छापील क्रमांक दुकानदारासाठी असतो. हा मॅट्रिक्स नंबर मात्र त्या दिवशी स्टुडिओत झालेल्या मुद्रणाचा असतो, आणि एकच गाणं दोन-तीनदा घेतलं असेल तर त्यातलं कितवं हातात आलंय, हेही पुष्कळदा इथंच कळतं. लेबलं चुकतात, पाकिटांची अदलाबदल होते, घरातल्या आठवणी तर हमखास एकमेकींत मिसळतात. हा आकडा सहसा फसवत नाही.

जुन्या तबकड्या साफ करून, वाजवून त्यांचं डिजिटल मुद्रण करून देणं हा माझा व्यवसाय. येणारा माल बहुतेक ठरलेला: नाट्यसंगीत, भावगीतं, कुणाच्या आजोबांनी जपलेले ख्याल. माझे कान त्यावरच तयार झाले. जॅझ हा शब्द मी ऐकून होतो, इतकंच. मग धोबीतलावच्या एका गोवेकर वादकाच्या मुलानं वडिलांच्या तबकड्यांची पेटी माझ्याकडे आणली. वडील टेनर सॅक्सोफोन वाजवत. कुडात, म्हणजे मुंबईतल्या गोवेकरांच्या वसतिगृहात, राहून सुरुवात केलेली, मग हॉटेलांतले बँड, युद्ध संपल्यावर जहाजावरच्या बँडमध्ये नोकरी, पुढे सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात. मुलाची मागणी साधी होती: सगळं पेनड्राइव्हवर हवं, आणि सोबत तारखांची यादी. "पपांची एक ट्यून पेटीत सारखी सारखी आहे," तो म्हणाला, "ती एकत्र लावा."

ती ट्यून म्हणजे ‘बॉडी अँड सोल’. यादी करायची म्हणून मी तिच्यामागे लागलो आणि पेटी परत गेल्यावरही तिचा नाद सुटला नाही.

गाण्याची चाल जॉनी ग्रीन नावाच्या तरुणाची. तो तेव्हा २१ वर्षांचा. हार्वर्डमधून अर्थशास्त्र शिकून बाहेर पडलेला. शब्दांवर एडवर्ड हेमन, रॉबर्ट सावर आणि फ्रँक आयटन अशा तिघांची नावं आहेत. गर्ट्रूड लॉरेन्स या इंग्लिश अभिनेत्रीसाठी हे न्यूयॉर्कमध्ये लिहिलं गेलं आणि तिच्याबरोबर लंडनला पोचलं. त्यामुळे या अस्सल अमेरिकन म्हणवणाऱ्या गाण्याची पहिली मुद्रणं लंडनची आहेत. १९३० च्या सुरुवातीलाच जॅक हिल्टन आणि अँब्रोज यांच्या नाचाच्या बँडांनी ते तबकडीवर आणलं. अमेरिकेत ते गाजलं ‘थ्रीज अ क्राउड’ या ब्रॉडवेवरच्या कार्यक्रमामुळे. त्यात लिबी होल्मन ते गात असे. या कार्यक्रमाचा पडदा न्यूयॉर्कमध्ये उघडला १५ ऑक्टोबर १९३० रोजी. आणि लुई आर्मस्ट्राँगनं लॉस एंजेलिसमध्ये हे गाणं मुद्रित केलं ९ ऑक्टोबर १९३० रोजी. सहा दिवस आधी, देशाच्या दुसऱ्या टोकाला. पुस्तकांत सर्रास वाचायला मिळतं की गाणं ब्रॉडवेवर गाजलं आणि मग जॅझवाल्यांनी उचललं. तारखा शेजारी शेजारी मांडल्या की ही गोष्ट कोसळते. जॅझवाले पडदा उघडायची वाट पाहत बसलेले नव्हते.

माझं काम वेगाशी बांधलेलं असतं, आणि वेग तपासायचा तर पट्टी माहीत असावी लागते. ‘बॉडी अँड सोल’ची रूढ पट्टी आपल्या हिशेबात काळी एक. ३२ बारांचं गाणं, आठ-आठ बारांचे चार तुकडे. पहिला, दुसरा आणि चौथा साधारण सारखे. तिसरा वेगळा, त्याला ब्रिज म्हणतात. हा ब्रिज पांढरी दोनमध्ये सुरू होतो. म्हणजे अख्खं गाणं अर्ध्या सुरानं वर सरकतं. चार बार जेमतेम होतात तोच ते पांढरी एकमध्ये उतरतं आणि तिथून पायरी पायरीनं पुन्हा काळी एकवर येऊन उभं राहतं. आठ बारांत षड्ज दोनदा बदलायचा आणि वर तो परत घरी आणायचा. आपला पेटीवाला भाता मिटून उठून जाईल! नाचाच्या बँडसाठी लिहिलेल्या गाण्यात ही करामत कुणी का घातली असेल ते ग्रीनलाच ठाऊक. पण वादक याच आठ बारांसाठी या गाण्याकडे पुन्हा पुन्हा आले हे उघड आहे.

वेगाचं असं की ‘७८’ हा आकडा सोयीचा आहे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथला टर्नटेबल मिनिटाला ७८.२६ फेरे घेई. आपल्याकडे आणि इंग्लंडात ५० हर्ट्झ, म्हणून इथली वेग तपासायची स्ट्रोबची चकती ७७.९२ फेऱ्यांना स्थिर दिसते. तीन मिनिटांच्या तबकडीत हा फरक एका सेकंदाहूनही कमी. सुरात मोजला तर अर्ध्या सुराचा तेरावा-चौदावा हिस्सा. ऐकणाऱ्याला कळणार नाही. तरी मी अमेरिकन तबकडी अमेरिकन वेगानंच फिरवतो, कारण पुढच्या माणसाला पियानोवर बसून त्याबरोबर वाजवायचं असलं तर पियानो बेसूर वाटायला नको. जुन्या चावीच्या फोनोवर मात्र हे सारं रामभरोसे. चावी उतरायला लागली की काळी एक घसरत पांढरी एककडे निघे. धोबीतलावला ज्यांनी त्यावरून गाणी उतरवून घेतली, त्यांनी आधी वेग कानानं जुळवला असणार.

पेटीत पुढची तबकडी होती बेनी गुडमन ट्रिओची. मुद्रण १३ जुलै १९३५ चं. क्लॅरिनेटवर गुडमन, पियानोवर टेडी विल्सन, ड्रम्सवर जीन क्रुपा. बास नाहीच. गोरा आणि काळा वादक एका मंचावर लोकांपुढे बसणं अमेरिकेत सहज घडत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. स्टुडिओत मात्र भिंती होत्या आणि प्रेक्षक नव्हते. ही तबकडी ऐकताना मला पहिल्यांदा जाणवलं की विल्सन गाण्याचे शब्द बाजूला ठेवून त्याच्या स्वरसंगतीचा नकाशा वाचतोय. गुडमन चालीच्या जवळ राहतो. विल्सन ती नुसती ओळखीची राहील एवढीच धरतो.

त्यानंतर नोव्हेंबर १९३८. कमोडोर या छोट्या कंपनीसाठी टेनर सॅक्सोफोनवर चू बेरी आणि ट्रम्पेटवर रॉय एल्ड्रिज. बारा इंची तबकडी, म्हणून जवळपास चार मिनिटं. बेरी संथ लयीत भरघोस आवाजात सुरू करतो आणि मध्येच एल्ड्रिज लय दुप्पट करून घुसतो. आपल्याकडे दुगुन ऐकलेल्या माणसाला हे नवीन नाही, पण नाचाच्या प्रेमगीतात अशी दुगुन लावण्याचं धाडस तेव्हाच्या ऐकणाऱ्यांना चांगलंच जाणवलं असेल. बेरी १९४१ मध्ये मोटार अपघातात गेला. त्याच्या या तबकडीची जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही, आणि त्याचं कारण पुढच्याच वर्षीची एक दहा इंची तबकडी.

कोलमन हॉकिन्स १९३४ मध्ये युरोपला गेला आणि युद्धाचे ढग जमल्यावर १९३९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला परतला. पाच वर्षं तो अमेरिकन ऐकणाऱ्यांच्या नजरेआड होता. त्या काळात लेस्टर यंगसारखे वेगळ्या तऱ्हेनं वाजवणारे टेनरवाले पुढे आले होते, बेरी होताच. ११ ऑक्टोबर १९३९ रोजी ब्लूबर्ड या लेबलसाठी हॉकिन्सनं नऊ जणांच्या बँडबरोबर चार गाणी मुद्रित केली. त्यांतलं एक थेल्मा कार्पेंटरनं गायलेलं. ‘बॉडी अँड सोल’ आधी ठरलेल्या यादीत नव्हतंच, निर्मात्यानं आग्रह केला म्हणून ते वाजवलं, असं सांगतात. असेलही. पण हॉकिन्स ते केलीज स्टेबल या क्लबात रात्रीमागून रात्री वाजवत होता, तेव्हा ‘सहज घडलं’ यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. रियाज नसलेलं सहज काही मी तरी अजून ऐकलेलं नाही.

जीन रॉजर्सच्या पियानोचे चार बार, आणि लगेच हॉकिन्स. सुरुवातीला चालीची ओळख लागते, तीही पुसट. थोड्याच बारांत चाल सुटते आणि पुन्हा येतच नाही. दोन आवर्तनं, ६४ बार, मिनिटाला साधारण नव्वद ठोक्यांची लय, आणि तबकडीची बाजू भरली. दुसऱ्या आवर्तनात मागून ब्रास आणि सॅक्सोफोनांचे लांब सूर येतात, त्याचा आवाज त्यांच्या वर चढत जातो, शेवटच्या आठ बारांत टोक गाठतो, मग साथ थांबते, तो एकटा थोडंसं वाजवून खाली उतरतो. गायक नाही, शब्द नाहीत, मूळ चाल जवळजवळ नाही. तरी ही तबकडी हार्लेमच्या ज्यूकबॉक्सांमध्ये वाजत राहिली, लोकांनी ती विकत घेतली. २००४ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं तिला राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतलं.

तिला चमत्कार म्हणायची प्रथा आहे. मला ती प्रथा पटत नाही. पेटीतल्या तबकड्या तारखेनं लावून एका बैठकीत वाजवल्या, तेव्हा हॉकिन्सच्या आधीचे जिने स्पष्ट दिसले. विल्सननं नकाशा वाचून दाखवला होता, बेरीनं टेनरचा भरदार सूर या गाण्याला बसतो हे सिद्ध केलं होतं. त्या दोन्ही गोष्टी घेऊन हॉकिन्सनं काय केलं? त्यानं चालीला दिलेली शेवटची सवलत काढून घेतली. त्याच्या हातात कमी वेळ होता, बेरीला मिळाला त्याहून जवळजवळ मिनिटभर कमी. तीन मिनिटांत राग उभा करणारे आपले गवई याच अडचणीतून गेले, म्हणून असेल कदाचित, मला या तबकडीतली काटकसर पहिल्याच ऐकण्यात भिडली. एकही वाक्य दोनदा नाही.

तबकडी ब्लूबर्डचीच होती, वडिलांनी जहाजावरून आणलेली. तिच्यावरची झीज विचित्र होती. पोलादी पिनेनं वाजलेली तबकडी मोठ्या आवाजाच्या जागी आणि आतल्या खोबणींत करडी पडते. हॉकिन्सचं टोक शेवटी आहे, तेव्हा करडेपणा तिथं अपेक्षित होता, आणि होताही. पण त्याहून जास्त झीज अलीकडे होती, पहिल्या आवर्तनाच्या ब्रिजवर, आणि तिथंच बारीक आडव्या ओरखड्यांचा पुंजका. पिन उचलून पुन्हा त्याच जागी ठेवल्याच्या खुणा. आठ बार म्हणजे वीस-एकवीस सेकंद, तबकडीचे पंचवीस-तीस फेरे. तेवढ्याच पट्ट्यात कुणीतरी पिन टाकत राहिलं होतं.

मी मुलाला फोन केला. तो पेटीबरोबर न दिलेली एक वही घेऊन आला. पेन्सिलीनं पाच रेघांवर लिहिलेले तेच आठ बार, खोडून खोडून. लेखन काळी दोनमध्ये होतं. टेनर सॅक्सोफोनवर लिहिलेला सूर प्रत्यक्षात एक सप्तक आणि शिवाय एका पूर्ण सुरानं खाली उमटतो, म्हणून काळी एकचं गाणं वादकाला काळी दोनमध्ये लिहावं लागतं. "पपा हाच पीस लावायचे," तो म्हणाला, "मम्मी ओरडायची, एवढी मोठी रेकॉर्ड आणि तुम्ही एवढंच का ऐकता."

झिजलेल्या जागेवर माझा इलाज एकच. सुईची जाडी बदलायची. एलपीची बारीक सुई इथं चालत नाही. अठ्ठ्याहत्तरला तिच्या तिप्पट जाड लागते, साधारण ६५ ते ७५ मायक्रॉन. जुन्या पिनेनं खोबणीच्या भिंतीचा जो भाग खाल्ला असेल, त्याच्या किंचित वर किंवा खाली टेकणारी सुई शोधायची. तिथं आवाज अजून शाबूत असतो. मग दोन्ही भिंती वेगवेगळ्या मुद्रित करायच्या आणि जी कमी जखमी ती ठेवायची. त्या आठ बारांसाठी मी बाहेरची भिंत घेतली. खरखर राहिली, पण हॉकिन्सचा श्वास ऐकू येतो. यंत्राला सांगून खरखर आणखी पुसता आली असती. मग श्वासही पुसला गेला असता. तो सौदा मी करत नाही, आणि गिऱ्हाइकानं मागितला तर आधी दोन्ही ऐकवतो.

असं पिन उचलून शिकलेले वादक मुंबईच्या संगीतात मुरले. १९३०च्या दशकात ताजमध्ये लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड असे काळे अमेरिकन वादक प्रत्यक्ष वाजवत होते. गोव्याच्या वादकांनी त्यांना पाहिलं, काहींनी साथही केली. पण हॉटेलातलं वाजवणं रात्रीबरोबर संपे. तबकडी सकाळी परत लावता येई. नोटेशन लिहिता-वाचता येणारी ही मंडळी पुढे सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेली. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, मूळ नाव अँटोनिओ झेवियर वाझ, आपल्या सी. रामचंद्रांबरोबर होता, ‘अलबेला’ (१९५१) मध्ये तो बँडसह पडद्यावरही दिसतो.

‘बॉडी अँड सोल’ची पुढची यादी भराभर सांगतो. २९ फेब्रुवारी १९४० ला बिली हॉलिडेनं हे गायलं, ट्रम्पेटवर पुन्हा एल्ड्रिज. त्याच वर्षी ऑक्टोबरात ड्यूक एलिंग्टन आणि जिमी ब्लँटननं ते फक्त पियानो आणि बासवर घेतलं. तोवर बास हे ठोके धरणारं वाद्य समजलं जाई. ब्लँटननं त्यावर बो फिरवून चाल वाजवली. तो दोनच वर्षांत क्षयानं गेला, २३ वर्षांचा. मग युद्ध. तबकड्या बनवायला लागणारी लाख जात होती मुख्यतः आपल्या देशातून, पळस-कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी. १९४२ मध्ये अमेरिकन सरकारनं रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेवर मोठी कपात लादली, आणि त्याच ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेनं मुद्रणावर बहिष्कार घातला. त्या काळातल्या जॅझ तबकड्या विरळ आहेत त्या यामुळे.

फेब्रुवारी १९४४ मध्ये हॉकिन्स पुन्हा याच गाण्याकडे आला, पण आता नावही बदलून: ‘रेनबो मिस्ट’. बँडमध्ये तरुण डिझी गिलेस्पी आणि मॅक्स रोच. स्वरसंगती ‘बॉडी अँड सोल’ची, चाल कुठेच नाही. स्वरसंगतीवर स्वामित्वहक्क लागत नाही, म्हणून ग्रीनला त्याचे पैसे गेले नाहीत. कायदेशीर होतं. न्याय्य होतं का, यावर माझं मत ग्रीनच्या बाजूनं आहे. ते आठ बार त्यानं लिहिले नसते तर हॉकिन्सला वाजवायला काय उरलं असतं?

उलट दिशेनंही झालं. एडी जेफरसननं हॉकिन्सच्या १९३९ च्या वादनालाच शब्द बसवले आणि ते गायलं. १९७९ मध्ये मॅनहॅटन ट्रान्सफरनं ते चौघांच्या गळ्यांत वाटून गायलं. उत्स्फूर्त म्हणून वाजवलेलं आता पाठ करण्याचं गाणं झालं. सनी रोलिन्सनं १९५८ मध्ये साथीशिवाय एकट्यानं वाजवलं. जॉन कोल्ट्रेननं २४ ऑक्टोबर १९६० ला ब्रिजच्या जागी आपली वेगळी स्वरसंगती घातली, म्हणजे ज्यासाठी सगळे येत होते तेच बदललं. तबकडी बाजारात आली १९६४ मध्ये. मार्च २०११ मध्ये टोनी बेनेट आणि एमी वाइनहाउस यांनी लंडनमध्ये ॲबी रोडला ते गायलं. एमी त्याच जुलैत गेली. हे तिचं शेवटचं मुद्रण. गाणं जिथं पहिल्यांदा मुद्रित झालं त्याच शहरात, ८१ वर्षांनी. मला या गाण्यात तिचा आवाज बेनेटपेक्षा खरा वाटतो. बेनेट निर्दोष आहे, इतकंच.

त्या मुलाला मी फाइली दिल्या, यादी दिली, आणि इंटरनेटवर टाकण्याआधीची एक सूचनाही दिली. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांचा, म्हणून १९३९ ची तबकडी इथं मोकळी आहे. अमेरिकेत मात्र ती २०३९ संपेपर्यंत बांधलेली, जरी ग्रीनची मूळ चाल तिथं १ जानेवारी २०२६ पासून मोकळी झाली असली तरी.

तुमच्या घरी अशी पेटी असेल, मग त्यात जॅझ असो वा बालगंधर्व, तर दोन गोष्टी करा. तबकडी स्पिरिटनं पुसू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि खोबणी कायमच्या जातात. साधं कोमट पाणी, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवायचं, एवढं पुरे. आणि विकण्याआधी, टाकण्याआधी, प्रत्येक बाजूचा तो ठोकलेला नंबर एका वहीत उतरवून ठेवा. पाकिटावर वडिलांनी-आजोबांनी पेन्सिलीनं काही लिहिलं असेल तर तेही.